चर्चच्या दाराशी थांबलेली हलगी

नाताळ जवळ आला, की अनेक धर्मग्रामांत एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. गायकवृंदाची बैठक बसते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "पेटी, ढोलकी आणि झांज यांवरची आपली परंपरागत भजने असताना हा कीबोर्ड आणि ड्रमसेट कशाला?" तरुण म्हणतात, "देवाने आम्हांला हा काळ दिला. या काळाचे संगीत त्याला का अर्पण करू नये?" ऐंशीकडे झुकलेले एखादे गृहस्थ दोघांनाही बाजूला सारून आपल्या बालपणीच्या लॅटिन मिस्साची आठवण काढतात. आणि या तिन्ही पक्षांचा निवाडा धर्मगुरूने करावा, अशी सर्वांचीच अपेक्षा असते.

निवाडा करण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे हिताचे ठरेल. कारण या वादात 'परंपरा' आणि 'आपले' हे दोन शब्द पुनःपुन्हा येतात आणि त्यांचा अर्थ प्रत्येकाने गृहीत धरलेला असतो. परंपरा किती वर्षांची? आणि 'आपले' म्हणजे नेमके कोणाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या जागतिक इतिहासात सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र आपल्याच मुलुखात, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील खेड्यापाड्यांत उतरावे लागते.

आधी रोमकडे वळू. ज्या ऑर्गनला आज आपण चर्चचे वाद्य म्हणतो, तो जन्माने ख्रिस्ती नव्हे. रोमन साम्राज्यात तो आखाड्यांतील खेळांच्या आणि करमणुकीच्या प्रसंगी वाजत असे. त्याच आखाड्यांत ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांचे रक्त सांडल्यामुळे प्रारंभीच्या ख्रिस्तसभेला त्याचा ओढा वाटण्याचे कारणच नव्हते; धर्मपितरांपैकी अनेकांना तर कोणतेच वाद्य उपासनेत नको होते. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पिपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला, तोही दरबारी वैभवाची वस्तू म्हणूनच. पुढील काही शतकांत तो मठांत व महामंदिरांत शिरला, स्थिरावला आणि शेवटी पवित्र ठरला.

जी गोष्ट वाद्याची, तीच गीताची. ३८६ साली मिलान येथे संत अँब्रोज आणि त्यांचे भाविक महामंदिरात वेढल्यासारखे दिवस काढत होते. त्या दिवसांत लोकांचे धैर्य टिकावे म्हणून पूर्वेकडील पद्धतीचे गायन तेथे सुरू झाले, असे संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात नोंदवतात. म्हणजे पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या जुन्यात जुन्या स्तोत्रगायनाची एक मोठी शाखा त्या वेळी 'परदेशी' आणि 'नवी' होती! तेच ऑगस्टीन त्याच ग्रंथात एक कबुलीही देतात: कधीकधी गीतातील आशयापेक्षा गाणेच आपल्या मनाला अधिक हलवते आणि मग आपण अपराधी ठरतो. गायन टाकावेसे वाटते आणि टाकवतही नाही, हे त्यांचे द्वंद्व सोळाशे वर्षांनंतरही आपल्या गायकवृंदांच्या बैठकीत हजर असते.

पुढे १३२४-२५ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी आव्हिन्यों येथून त्या काळच्या 'नव्या' बहुस्वरी गायनाविरुद्ध फर्मान काढले. स्वरांचे इतके तुकडे होतात, की मूळ धून झाकली जाते आणि कान धुंद होतो, पण अंतःकरणात भक्ती जागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १५६२ साली ट्रेंट परिषदेने उपासनेतून उच्छृंखल संगीत दूर ठेवण्याचा आदेश दिला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप पायस दहावे यांनी धर्मसंगीतावरील आपले प्रसिद्ध आज्ञापत्र प्रसृत केले. इटलीतील चर्चमध्ये त्या वेळी ऑपेराच्या थाटाचे गायन बोकाळले होते. त्याला आळा घालून पायस यांनी ग्रेगोरियन गायनाला पुन्हा मानाचे स्थान दिले. या आज्ञापत्राने चर्चमध्ये पियानो निषिद्ध ठरवला. शिवाय ढोल आणि झांजेसारखी गोंगाट करणारी वाद्येही निषिद्ध ठरवली.

येथे आपल्या वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे. ज्या झांजेवाचून आपले भजन उभे राहत नाही आणि जी आज कीबोर्डच्या विरुद्ध 'परंपरा' म्हणून साक्षीला उभी केली जाते, ती १९०३ साली निषिद्धांच्या यादीत होती. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात मात्र झांजांनी परमेश्वराचे स्तवन करण्याचे आवाहन आहे. झांज तीच, ठिकाण आणि काळ वेगळे.

याचा अर्थ परमगुरुस्वामींची काळजी पोकळ होती असा नव्हे. प्रत्येक वेळी तिच्या मुळाशी दोन खरे प्रश्न होते. शब्द ऐकू येतो का? आणि लोक प्रार्थना करत आहेत, की गाण्याचे श्रोते झाले आहेत? हे प्रश्न आजही जिवंत आहेत. परंतु वाद्याचे वय किंवा मूळ हा निकष ख्रिस्तसभेने शेवटपर्यंत टिकवला नाही, एवढे इतिहास निःसंशय सांगतो.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेचा आरंभ नव्या-जुन्याच्या फार सुंदर संगमाने झाला. १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती जनांची पुराणश्रवणाची भूक ओळखली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. ज्ञानेश्वरांच्या ओवीत प्रभू येशूचे चरित्र गायले जाऊ लागले. प्रार्थनेला जमलेले लोक ते ऐकत.

पण हा प्रवाह निर्वेध वाहिला नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि १७३६ साली गोव्यातील धर्मन्यायपीठाच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्यांवर आणि देशी वाद्यांवरही बंदी घातली. ज्या ओवीतून एका धर्मगुरूने तारणाचा इतिहास सांगितला, तीच ओवी शंभर-सव्वाशे वर्षांनी गुन्हा ठरली. हा निर्णय गाणाऱ्यांना विचारून झाला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घाटावर हा प्रवाह पुन्हा उगम पावला तो एकोणिसाव्या शतकात, आणि याचे मोठे श्रेय आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंकडे जाते. अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर हे मुख्य केंद्र आणि आपले शिरूर हे तिचे एक ठाणे. या मिशनमध्ये कृ. र. सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन घडवले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली प्रभुवासी झाले. या मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंगांचे आणि भजनांचे जे भांडार दिले, ते आज कॅथलिक गायनपुस्तकांतूनही आपण गातो. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी शब्दांनी आपल्या माणसाचे हृदय हलत नाही, ही टिळकांची धारणा होती. तीही तेव्हा सर्वांना रुचली नव्हती. इकडे कॅथलिक गोटात जर्मन भाषक येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्यात राबत होते. त्यांच्यापैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये, म्हणजे पायस दहावे यांच्या आज्ञापत्राच्याच वर्षी, 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. आज्ञापत्र लॅटिन गायनाकडे परत चला म्हणत होते आणि मासिक मराठीतून चालत होते. मिस्सा लॅटिनमध्ये आणि मिस्साबाहेरची भक्ती मराठीत, अशी वाटणी पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत टिकली.

येथवरचा इतिहास बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतो. मात्र त्यात एक मोठी गोष्ट सुटते. ओवी आली, अभंग आला, कीर्तन आले, पेटी आली. पण हलगी, डफ, संबळ आणि तुणतुणे कुठे राहिले? आपल्या मुलुखाचे खरे वाद्य तर तेच होते.

हा प्रश्न विचारायला शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावासारखी दुसरी जागा नाही. येमाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव तमाशाच्या इतिहासातही ओळखले जाते. तमाशाची पंढरी मानले गेलेले नारायणगाव येथून फार दूर नाही. गंगारामबुवा कवठेकर याच गावचे. लोककवी बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) हेही इथलेच. महाराष्ट्र शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला. या मुसलमान कवीने तमाशाच्या फडांसाठी गण लिहिले, गवळणी लिहिल्या, लावण्या आणि वगही लिहिले. तमाशा उभा राहतो तो गणाने, म्हणजे ईशस्तवनाने. मग गवळण येते, मग लावणी, मग वग. एकाच रात्री, एकाच ढोलकीवर, त्याच गळ्यांतून स्तवनही होते आणि शृंगारही. पवित्र काय आणि लौकिक काय, हे तेथे वाद्यावरून ठरत नाही. शब्दावरून, प्रसंगावरून आणि गाणाऱ्याच्या भावावरून ठरते.

अशा मुलुखात ख्रिस्ती झालेल्या आपल्या पूर्वजांनी ही वाद्ये मागे का सोडली? मिशनऱ्यांना तमाशा अश्लील वाटे, त्यामुळे त्याच्याशी जोडलेली वाद्येही त्यांना नकोशी होती, हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर आपल्या पूर्वजांच्या जवळ होते. या भागातील आपला समाज बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आला. गावगाड्यात वाजवणे ही कला म्हणून कोणी निवडत नसे. ते जातीने अंगावर पडलेले काम होते. हलगीचे कातडे मेलेल्या जनावराचे, आणि ते ओढून नेण्याचे कामही त्याच लोकांचे. लग्नाच्या वरातीपुढे त्यांनी वाजवायचे, पण पंगतीला बसायचे नाही. देवीच्या पालखीपुढे त्यांनी वाजवायचे, पण गाभाऱ्यात पाऊल ठेवायचे नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे राहून वाजवले, त्यांना पहिल्यांदाच एका देवघराच्या आत बसायला मिळाले. आत जाताना त्यांनी हलगी दाराशीच ठेवली, यात नवल ते काय?

पेटीचे स्वागत त्यांनी याच कारणाने केले असावे. पेटी ही मूळची फ्रान्समधली. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हे वाद्य घडले आणि नंतर कलकत्त्यात त्याला मांडीपुढे ठेवून वाजवण्याचे रूप मिळाले. तिला जात नव्हती. ती वाजवण्यासाठी खाली मान घालून कोणाच्या दाराशी उभे राहावे लागत नव्हते. गंमत अशी, की हीच पेटी 'परदेशी' म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके वर्ज्य ठेवली होती, आणि त्याच काळात आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती भजनांत ती 'देशी' भक्तीची खूण बनली होती.

ख्रिस्तसभेबाहेरही हेच घडत होते. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला हीन मानली गेलेली वतनी कामे टाकून देण्यास सांगितले. जे काम गुलामीची आठवण करून देते ते सोडणे, हे स्वाभिमानाचे पहिले पाऊल असते. आपल्या पणजोबांनी तेच पाऊल थोडे आधी, निराळ्या वाटेने टाकले होते. त्यांना 'संस्कृती विसरलेले' म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, म्हणजे परिषदेनंतरचा वाद नीट उमगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेवरील आपला दस्तऐवज मान्य केला. ग्रेगोरियन गायनाला त्यात मानाचे स्थान राहिले. त्याचबरोबर भाविकांचा पूर्ण, सजाण आणि सक्रिय सहभाग ही उपासनेची मुख्य गरज मानली गेली आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य आदर व स्थान मिळावे असेही सांगितले गेले. ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने आणखी एक सूक्ष्म गोष्ट स्पष्ट केली. जी वाद्ये लोकांच्या समजुतीत आणि वापरात केवळ लौकिक करमणुकीचीच आहेत, ती उपासनेत नकोत. येथे कसोटी लोकांच्या समजुतीवर ठेवली आहे, आणि समजूत बदलते.

भारतात या दिशेने झपाट्याने पावले पडली. १९६७ साली फादर अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र उभे राहिले. १९६९ मध्ये आरती, अंजली, जमिनीवर बसणे अशा बारा अनुकूलनांना रोमची मान्यता मिळाली. मुंबईत फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय संगीत आणि नृत्य यांतून शुभवर्तमान मांडले. हे कार्य थोर होते. गुरुविद्यालयांत शिकणाऱ्या पिढ्यांना त्याने आपल्या मातीकडे पाहायला शिकवले.

तथापि यात एक पेच होता. 'भारतीय' म्हणून जे उपासनेत आले ते बहुतांशी रागदारी, संस्कृत श्लोक आणि आश्रमातील तानपुरा या वाटेने आले. ज्या वेदमंत्राचा उच्चार कानी पडला तर ज्यांना शिक्षा होई, त्यांच्याच नातवंडांना 'हे तुमचे' म्हणून तो शिकवला जाऊ लागला! १९८१ साली अरविंद निर्मल या मराठी ईश्वरविद्यातज्ज्ञाने बंगलोरला विचारले, की भारतीय ख्रिस्ती ईश्वरविद्या उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानावरच का उभी राहावी? दलित ईश्वरविद्येचा आरंभ या व्याख्यानापासून मानतात. तोच प्रश्न संगीतालाही लागू होता. खेड्यातला भाविक लॅटिनला परका होता. संस्कृतलाही परकाच होता. दोन्ही वेळा त्याच्यासाठी 'आपले' काय ते दुसऱ्यानेच ठरवले.

दरम्यान हलगी आणि डफ यांचे नशीब चर्चबाहेर पालटत होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाला अण्णाभाऊंनी लोकनाट्याचे रूप दिले आणि गणातून श्रमिकांना वंदन केले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव आंबेडकरी गीते पोहोचवली. जे वाद्य दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजवावे लागे, ते आता स्वतःच्या सभेत वाजू लागले. कातडे तेच, काठी तीच. परंतु वाजवणाऱ्याची मान ताठ झाली होती. ज्यांनी अपमान सोसला त्यांनीच वाद्याचा अर्थ बदलला. हा अधिकार त्यांचाच होता. तो कोणत्याही परिषदेला, पंडिताला वा धर्मगुरूला परस्पर वापरता येत नाही.

आता पुन्हा आपल्या बैठकीकडे पाहू. ज्या भजनांना वडीलधारी मंडळी परंपरा म्हणतात, त्यांपैकी पुष्कळ परिषदेनंतरची आहेत; त्यांच्या तारुण्यात तीही नवी होती आणि तेव्हाही कोणी नाक मुरडलेच असेल. उलट, कीबोर्ड मागणारा तरुण अगदी तेच करतो आहे, जे त्याच्या पणजोबाने पेटी घेताना केले. शहरातील मुलांच्या बरोबरीने उभे राहण्याची खूण त्याला त्या वाद्यात दिसते. त्याच्या मागणीत उथळपणा पाहण्याआधी ही आकांक्षा पाहावी.

पण तरुणांनीही जुने दोन प्रश्न टाळू नयेत. तयार ध्वनिमुद्रण लावून, ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून चौघे गातात आणि चारशे जण गप्प उभे राहतात, तेव्हा पोप जॉन यांची सातशे वर्षांपूर्वीची तक्रार पुन्हा खरी ठरते. चित्रपटातील चाल घेतली, की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्द आधी उमटतात आणि प्रभूचे नाव त्यांच्यामागे धापा टाकत येते. हा दोष चालीच्या नवेपणाचा नाही. तिला चिकटलेल्या आठवणीचा आहे.

म्हणून ख्रिस्तसभेच्या त्या दोन प्रश्नांत आपल्या मुलुखाने तिसरा जोडावा. शब्द ऐकू येतो का? लोक गातात का? आणि या सुराने कोणाची मान खाली जाते, कोणाची वर येते? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते ज्यांच्या अंगावर इतिहास गेला, त्यांनाच विचारावे लागते. कोणा धर्मग्रामातील वृद्ध म्हणाले, 'हलगी नको, आम्हांला जुने दिवस आठवतात,' तर अनुकूलनाच्या उत्साहाने ती त्यांच्यावर लादू नये. आणि त्यांचीच नातवंडे ती अभिमानाने घेऊन वेदीपाशी आली, तर गांभीर्याच्या नावाखाली त्यांना दाराशी अडवू नये. इतिहासात त्यांना एकदा अडवून झाले आहे.

उपासनेत कोणते गीत टिकेल, याची एक कसोटी आपल्या खेड्यांनी केव्हाच शोधली आहे. घरात मयत झाली, की शेजारीपाजारी जमतात आणि रात्र जागवतात. तेथे वीज असेलच असे नाही. कीबोर्ड नसतो, छापील पुस्तकही हाताशी नसते. अशा वेळी म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या ओठी जी गीते आपोआप येतात, ती कोणत्या शतकातली आहेत, चाल विलायती की देशी, हे कोणी विचारत नाही. आपल्या गायकवृंदाने वर्षाकाठी असे एकच नवे गीत धर्मग्रामाला द्यावे. वाद्य कोणते, हा निर्णय मग सोपा होईल.